ड्युटी बेंगळुरात, घर बेळगावात

प्रश्न: माझा मुलगा विमान कंपनीत को-पायलट आहे, बेस बेंगळूर. सूनबाई इथंच शाळेत शिकवते, नातू तिसरीत आहे. आता मुलगा म्हणतोय की बेंगळूरचं भाड्याचं घर सोडून देतो, बेळगावातच राहतो आणि सांबरा विमानतळावरून विमानानं ड्युटीला जात जाईन, स्टाफला तिकीट जवळजवळ फुकटच असतं. तो घरी असणार म्हणून आम्हाला आनंदच आहे हो, पण त्याच्या झोपेचं काय? हे खरंच जमतं का?
– एक आई, शहापूर (बेळगाव)

उत्तर: काकू, जमतं. जगभर खूप पायलट असं करतात, गाव एकीकडं आणि बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते नि जिथं संपते ते ठिकाण, दुसरीकडं. पण तुम्ही झोपेचं विचारलंत ना, तिथंच सगळी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या स्वस्त तिकिटाचं बघू. स्टाफचं तिकीट बहुतेक वेळा 'सबलोड' असतं, म्हणजे पैसे भरलेले सगळे प्रवासी बसल्यावर सीट उरली तरच जागा. मुलगा बॅग घेऊन काउंटरच्या बाजूला उभा राहणार, रांग संपेपर्यंत थांबणार, मग काउंटरवरची मुलगी स्क्रीन बघून हो म्हणाली तर बोर्डिंग पास, नाही म्हणाली तर तशीच बॅग उचलून परत घरी. बेळगावला एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान आलं तर त्यात साधारण 78 सीटा, आणि लगीनसराईत, गणपतीत, लाँग वीकेंडला त्यातली एक तरी रिकामी राहील असं धरून चालता येत नाही. कॉकपिटमध्ये पायलटच्या मागं एक जादा सीट असते खरी, पण तिथं बसायला परवानगी लागते, ती आपल्या हक्काची नव्हे. शिवाय आपला पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरले की सांबऱ्याला विमान लेट होतं, कधी दुसरीकडं वळवतात, कधी येतच नाही.

आता सुट्टीचं गणित. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या नव्या नियमानं जुलै 2025 पासून पायलटची आठवड्याची विश्रांती सलग 36 तासांवरून 48 तास केली, चांगलीच गोष्ट झाली. पण ते 48 तास मोजले जातात बेसवर ड्युटी संपली तिथपासून बेसवर पुढची ड्युटी सुरू होईपर्यंत. समजा शुक्रवारी रात्री अकराला तो बेंगळुरात मोकळा झाला, तेव्हा बेळगावला यायला विमान नाही, शनिवारी सकाळचं मिळालं तर दुपारपर्यंत घरी. सोमवारी पहाटे साडेचारला रिपोर्टिंग असेल तर रविवारी संध्याकाळीच परत निघायला पाहिजे, कारण त्या वेळेला पोचवणारं पहाटेचं विमान नसतं. म्हणजे कागदावर दोन दिवस, घरच्या अंथरुणात झोप एकच रात्र. आणि हा जाण्यायेण्याचा वेळ ड्युटीत धरत नाहीत. कंपनीनं स्वतःच्या कामासाठी दुसऱ्या गावी पाठवलं तर तो प्रवास ड्युटीत येतो, घरून बेसला जाणं मात्र ज्याचं त्यानं बघायचं. बेसवर राहायची सोय करायची जबाबदारीसुद्धा कंपनीची नसते.

युरोपच्या नियमांसोबत एक सूचना आहे, ती मला फार पटते. घरून बेसला पोचायला नेहमी 90 मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर बेसजवळ तात्पुरती राहायची सोय करण्याचा विचार करावा. बेळगाव-बेंगळूर विमान हवेत तास-सव्वा तास, पण घर ते सांबरा, तिथलं थांबणं, पलीकडं उतरून बाहेर पडणं हे सगळं धरलं की चार तास कुठं गेले कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, घर बेळगावात राहू दे पण बेंगळूरची खोली पूर्ण सोडू नका. बेंगळूर विमानतळाच्या बाजूला देवनहळ्ळी नाहीतर यलहंकाला तीन-चार पायलट मिळून खोली घेतात, प्रत्येकाची एक खाट आणि एक कपाट, तेवढं पुरतं. पहाटेची ड्युटी असली की आदल्या दिवशी दुपारीच निघायचं, शेवटच्या फ्लाइटच्या भरवशावर राहायचं नाही. स्टँडबाय, म्हणजे गरज पडली तर बोलावतील अशी राखीव ड्युटी, असेल त्या दिवशी तर बेळगावात थांबूच नये, फोन आला की ठरलेल्या वेळात एअरपोर्टवर हजर व्हावं लागतं. विमान हुकलं तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, ऑगस्ट 2025 पासून वंदे भारतही सुरू झालीय, पण रात्रभर गाडीत डुलक्या काढून सकाळी कॉकपिटमध्ये बसणं मला अजिबात मान्य नाही, रेल्वेनं जायचं तर पोचून एक पूर्ण रात्र झोपायला हातात हवी.

आणि काकू, एक घरच्यांसाठी. 'एक दिवस तरी येऊन जा की रे' असं फोनवर म्हणू नका. बारसं असो, जत्रा असो, त्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात बसत असेल तर तो येईलच, नाहीतर तुमचा शब्द मोडवत नाही म्हणून धावत येणार आणि न झोपता परत जाणार.

प्रश्न: अमेरिकेत तर पायलट दीड-दोन हजार मैलांवरून ड्युटीला येतात असं वाचलं. तिथं चालतं तर आपल्याकडं एवढा बाऊ कशाला?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर: चालतं, पण त्याची किंमत काय झाली तेही बघ. 12 फेब्रुवारी 2009 ला कोलगन एअरचं फ्लाइट 3407 बफेलोजवळ घरावर कोसळलं, विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक असे 50 जण गेले. विमानाच्या दोन्ही पायलटांचा बेस न्यूअर्क. कॅप्टन राहायचा फ्लोरिडात आणि को-पायलट मुलगी सिएटलजवळ, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती आदल्या रात्री मालवाहू विमानांनी मेम्फिसमार्गे प्रवास करत सकाळी न्यूअर्कला पोचली होती, आणि दोघांनीही विश्रांती घेतली ती बेसवरच्या क्रू रूममध्ये. अपघाताचं मुख्य कारण वेगळं होतं, वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं उलटी कृती केली, पण चौकशीत असंही म्हटलंय की थकव्याचा परिणाम दोघांवर झाला असण्याची शक्यता आहे, किती ते मात्र ठरवता आलं नाही. हे वाचताना त्या मुलीचा तो रात्रभरचा प्रवास माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर तिथं विश्रांतीचे नियम बदलले, जानेवारी 2014 पासून ड्युटीआधी 10 तास विश्रांती आणि त्यात 8 तास झोपायची संधी मिळालीच पाहिजे असं झालं. लांबून येण्यावर बंदी मात्र घातली नाही, फिट होऊन येणं ही पायलट आणि कंपनी दोघांची जबाबदारी ठरवली. आणि एक फरक लक्षात घे, तिथं मोठ्या शहरांमध्ये दिवसाला भरपूर विमानं असतात, एक भरलं तर दुसरं मिळतं. आपल्या सांबऱ्याला एक गेलं की बरेचदा दिवसच गेला. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा लोक कसे अडकले ते आपण बघितलंच, अशा वेळी एकाच कंपनीच्या एकाच फ्लाइटवर नोकरी टांगून ठेवलेल्या माणसानं काय करायचं?

प्रश्न: मुलगी सांबऱ्यालाच फ्लाइंग शिकतेय. पुढं नोकरी लागली की बेस बेळगाव मागून घेता येतो का?
– एक वडील, हिंडलगा

उत्तर: मागता येतो, मिळेलच असं नाही. 2021 मध्ये सरकारनं फ्लाइंग स्कूलसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात बेळगाव होतं, त्यामुळं शिकायची सोय दारात आली, पण नोकरीचा बेस कंपनी ठरवते, तिची विमानं रात्री जिथं उभी राहतात आणि जागा जिथं रिकामी असते तिथं. नवीन माणसाला सुरुवातीला निवड फारशी नसते. तेव्हा पहिली काही वर्षं ती बेसच्याच गावात राहणार असं धरून खर्चाचा हिशोब करा, आणि इंटरव्ह्यूला जाताना बेस बदलून मागायची पद्धत काय आहे, त्यासाठी किती थांबावं लागतं, हे तिला आधीच विचारून घ्यायला सांगा.