जुन्या एटीव्हीचा कार्ब्युरेटर आणि नव्या गाडीचा हप्ता

प्रश्न : माझ्याकडे १२ वर्षं जुनी, कार्ब्युरेटरची एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी छोटी चारचाकी) आहे. शेतातल्या वाटा आणि अधूनमधून डोंगर, असा वर्षाकाठी साधारण ६० तास वापर. पाच महिने ती शेडमध्ये उभी असते. नंतर बाहेर काढली की सुरूच होत नाही. यंदा दोनदा कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा लागला. आता ती विकून फ्युएल इंजेक्शनची (कॉम्प्युटर ठरवेल तेवढं पेट्रोल इंजिनात फवारणारी) नवी घ्यावी म्हणतो. डाउन पेमेंटसाठी आपत्कालीन निधीतली निम्मी रक्कम काढेन, उरलेल्यासाठी चार वर्षांचं कर्ज. बरोबर होईल का?

उत्तर : आत्ता नको. नवी गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमचा त्रास जिथे तयार होतो तिथे हे कर्ज पोहोचत नाही म्हणून.

तो तयार होतो शेडमधल्या त्या पाच महिन्यांत. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या तळाशी वाटीसारख्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल साठलेलं असतं आणि त्या वाटीला बाहेरची हवा लागते. गाडी उभी राहिली की पेट्रोलातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, ते बुजायला कितीसा वेळ लागणार! पेट्रोलात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं. म्हणजे दोनदा जो खर्च झाला तो कार्ब्युरेटर जुना झाल्याचा नाही, त्यात पेट्रोल तसंच ठेवल्याचा आहे.

आता इंजेक्शनमुळे वाचणारं पेट्रोल. हा हिशेब पैशांत न मांडता लिटरमध्ये मांडू, म्हणजे दर बदलला तरी तो टिकेल. ताशी ३ लिटर धरले तर ६० तासांचे १८० लिटर. इंजेक्शनमुळे त्यातला सहावा हिस्सा वाचेल असं अगदी सढळ हाताने धरलं, तरी वर्षाला ३० लिटर होतात. तुमचा खरा आकडा वेगळा असेल तर तो घाला. मग कर्जाच्या मासिक हप्त्याला पेट्रोलच्या दराने भागा. उत्तर ३० च्या वर आलं, तर वर्षभराची बचत पहिल्याच हप्त्यात संपली आणि उरलेले अकरा हप्ते तुम्ही दुसऱ्याच कशासाठी तरी भरताय.

ते दुसरं काहीतरी फुटकळ नाही, हेही सांगायला हवं. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढलं की हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. कार्ब्युरेटरचा जेट ठरलेल्या मापाचा, त्याला हे कळत नाही. तो पेट्रोल जास्तच सोडत राहतो, प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा दाब आणि तापमान पाहून पेट्रोल तेवढंच कमी करतात. (विरळ हवेने घटलेली ताकद तेही परत आणू शकत नाहीत.) थंडीत चोकशी झटापट करावी लागत नाही. तीव्र उतारावर गाडी तिरकी झाली की फ्लोट चेंबरमधली पातळी बिघडते, तीही भानगड इथे नाही. शेती आणि जवळच्या टेकड्या एवढाच वापर असलेल्याला मात्र यातलं फारसं उपयोगी पडत नाही.

शिवाय पाच महिने उभी राहिली तर नवी गाडीही रुसेल. टाकीतलं पेट्रोल तिथेही शिळं होतं. त्यात फ्युएल पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळे विजेवर चालतात. बॅटरी पार उतरली की काही चालत नाही. कार्ब्युरेटर मेकॅनिक पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडतो. इंजेक्शनमधला बिघाड शोधायला बहुतेक वेळा निदानाचं उपकरण लागतं, आणि पंप गेला तर तो अख्खा बदलावा लागतो. असा बिघाड क्वचितच होतो, पण झाला की एकदम मोठी रक्कम मागतो. आणि नेमकी त्यासाठीची रक्कम तुम्ही डाउन पेमेंटला काढायला निघालात! माझा सगळ्यात ठाम विरोध इथे आहे. पहिल्या वर्षात ज्या वस्तूची किंमत सर्वांत वेगाने उतरते, तिच्यासाठी आपत्कालीन निधी मोडू नका.

त्यापेक्षा एकदा कार्ब्युरेटर पूर्ण खोलून साफ करून घ्या, ओ-रिंग आणि गॅस्केट नवे टाका. शेडमध्ये लावण्याआधी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं द्रव्य) घालून गाडी दहा मिनिटं चालवा, मग पेट्रोलचा कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबरचा खालचा स्क्रू सैल करून तो रिकामा करा. बॅटरी काढून चार्ज करून ठेवा. हा खर्च वाया जात नाही. उद्या विकायची झाली तरी एका झटक्यात सुरू होणाऱ्या गाडीला बरा भाव मिळतो.

आणि ठरलेला हप्ता आजपासूनच वेगळ्या आवर्ती ठेवीत भरायला लागा. वर्षभर तो न चुकता भरता आला, तर तो झेपतो हे कळेल आणि डाउन पेमेंटचा मोठा भागही जमलेला असेल.

एका गोष्टीने माझं उत्तर बदलेल. तुम्ही 'अधूनमधून डोंगर' लिहिलंय. तो किती उंच, ते कळवा. एकाच दिवसात हजार-दीड हजार मीटर चढ-उतार होत असेल, आणि असे दिवस वर्षात वीस-पंचवीस असतील, तर इंजेक्शनची गाडी घ्या. तेव्हाही पहिल्या वर्षाची घट दुसऱ्याने सोसलेली, दोन-तीन वर्षं वापरलेली बघा, आणि कर्जाची मुदत दोन वर्षांच्या पुढे नेऊ नका.