एलिट डेंजरस या अंतराळ-गेममध्ये सहसा कुणी घेत नाही, पण चालवून बघाव्यात अशा शिप (अंतराळयानं) कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की कोब्रा झाली, आस्प एक्स्प्लोरर झाली, आता जो तो अ‍ॅनाकोंडासाठी पैसे साठवायला सांगतोय, तर मधे काही दुर्लक्षित पण चांगलं आहे का. आहे. डॉल्फिन घ्या. आणि फिरायलाच जायचं असेल तर अ‍ॅनाकोंडासाठी पैसे साठवणं आजच बंद करा.

डॉल्फिन म्हटलं की लोकांना प्रवासी केबिन आठवतात, कारण ओर्का-बेलुगा या प्रवासी शिप बनवणाऱ्या सौद क्रूगर कंपनीचीच ही धाकटी. 2017 साली गेममध्ये आली तेव्हापासून हा शिक्का तिच्यावर बसलाय. आमच्या ग्रुपचा म्होरक्याही तेच म्हणायचा. आम्ही सगळे मिळून कोलोनिया या दूरच्या वसाहतीला निघणार होतो, म्हणजे सोलपासून (आपल्या सूर्यापासून) साधारण 22,000 प्रकाशवर्षं. निघायच्या आदल्या रात्री व्हॉइसवर सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "ती टूरिस्ट बोट घेऊन येणार असशील तर आम्ही तुझ्यासाठी थांबणार नाही." मी डॉल्फिनच नेली.

एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची माझी उडी पन्नास प्रकाशवर्षांच्या आसपास, म्होरक्याच्या मोठ्या शिपची सत्तरच्या पुढे. कागदावर मी मागे पडायला हवं होतं. पण उडी कागदावर मारायची नसते. अ‍ॅनाकोंडावाला ताऱ्याजवळ जाऊन स्कूप करतो, म्हणजे ताऱ्यातून इंधन ओढतो, हीट चढते, मग ताऱ्यापासून लांब सरकतो, शिप थंड होईपर्यंत थांबतो आणि मग एफएसडी, म्हणजे उडीचं इंजिन, चार्ज करतो. डॉल्फिनमध्ये मी स्कूप चालू असतानाच चार्ज लावायचो. हीटचा आकडा वर जायचा, पण शंभरच्या बराच खाली राहायचा. एकही मॉड्यूल भाजलं नाही. टाकी जेमतेम 16 टनांची, त्यामुळे पाच नंबरच्या स्लॉटमधला स्कूप ती बघता बघता भरतो. त्या अख्ख्या प्रवासात माझ्यासाठी कुणालाही थांबावं लागलं नाही.

थांबावं लागलं ते त्याच्यासाठी. वाटेत एका ग्रहावर स्ट्रॅटम टेक्टोनिकास या परग्रही सजीवाचे सिग्नल मिळाले. तीन नमुन्यांचे 1 कोटी 90 लाख क्रेडिट (गेममधले पैसे), आणि आपल्या आधी कुणी नोंदवलेलं नसेल तर बोनससकट पाचपट. भाग डोंगराळ होता, नुसत्या घड्या आणि खाचा. मी दोन कड्यांच्या मधे एक सपाट पट्टा बघितला, स्कॅनरवर निळं दिसलं, म्हणजे उतरायला जागा आहे, टेकवली. पायऱ्या उतरून चार पावलांवर पहिला नमुना. पुढचा निदान 500 मीटर लांबचा लागतो, म्हणून परत उडालो, पुढच्या खाचेत उतरलो, तसंच तिसऱ्याला. तिन्ही खिशात आले तेव्हा म्होरक्याची अ‍ॅनाकोंडा डोक्यावर घिरट्या घालत होती. नाक बसलं की शेपूट कड्याला लागायची. शेवटी तो खूप लांब एका पठारावर उतरला आणि एसआरव्हीने, म्हणजे जमिनीवरच्या गाडीने, दगडधोंड्यांतून खडखडत आला. आल्यावर म्हणाला, "तुझं नशीब, जागा मिळाली." नशीब कसलं? त्याच जागेवरून तो तीनदा गेला होता. लहान शिपला जागा सापडतेच, मोठीला शोधावी लागते. एक्सोबायोलॉजीत, म्हणजे असे सजीवांचे नमुने गोळा करण्यात, प्रत्येक प्रजातीसाठी हे उतरणं-उडणं पुन्हा पुन्हा करायचं असतं, आणि गेमचा ओडिसी हा विस्तार आल्यापासून फिरणाऱ्यांचा खरा पैसा तिथेच आहे. हा साधा हिशोब त्याने आजतागायत मान्य केलेला नाही. ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की त्याला अजूनही "आधी अ‍ॅनाकोंडा" हेच सांगतो, आणि ती पोरं महिनोन्‌महिने पैशासाठी राबतात.

पैशाचंच बघा. डॉल्फिन 13 लाखांच्या थोडी वर. अ‍ॅनाकोंडा नुसती कोरी साडेचौदा कोटींच्या वर. बोनसवाल्या एका स्ट्रॅटममध्ये सत्तर डॉल्फिन येतात. शिवाय शिप फुटली तर किमतीच्या पाच टक्के रीबाय भरायचा असतो, तो डॉल्फिनला कधी जाणवतही नाही. आणि आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्थानकांवर, उतरायला मोठा पॅड नसतो, म्हणजे अ‍ॅनाकोंडाला तिथे प्रवेशच नाही. डॉल्फिनला लहान पॅड पुरतो.

तुम्ही अनेकवचनात विचारलंय, म्हणून आणखी दोन. उडी लांबच हवी असेल तर डायमंडबॅक एक्स्प्लोरर: हीही थंड चालते, इंजिनीअर केली (म्हणजे भाग सुधारून घेतले) की साठ प्रकाशवर्षांच्या पुढे जाते, पण स्कूप चार नंबरपर्यंतच बसतो. आणि कीलबॅक. दिसायला ओबडधोबड, पण पोटात फायटर, म्हणजे छोटं लढाऊ यान, बाळगणारी सगळ्यात स्वस्त शिप तीच. माल नेताना कुणी अडवलं की फायटर सोडायचं आणि आपण वाट धरायची. मला ती आवडते.

हो, डॉल्फिन लढायला नेऊ नका. शस्त्रं बसवायला दोन छोटे हार्डपॉइंट, बस्स. एससीओ ड्राइव्ह (एकाच ताऱ्याभोवती फिरताना जास्त वेग देणारं इंजिन) लावलात तर त्याचा ओव्हरचार्ज जपून वापरा, एवढीशी टाकी तो बघता बघता रिकामी करतो. आणि 2024 मध्ये मॅन्डले ही शिप आली, ती लांब उडते आणि उतरतेही छान. पैसे हातात असतील तर ती जरूर घ्या. पण तेवढे पैसे जमेपर्यंत काय चालवायचं, तर डॉल्फिन. तुमच्या ग्रुपमध्येही कुणी तिला टूरिस्ट बोट म्हणत असेल, तर त्याला एखाद्या डोंगराळ ग्रहावर न्या, एकाच खाचेत आधी त्याला उतरायला सांगा आणि मग तुम्ही उतरा.