वाचकांचे प्रश्न : नवी वाहिनी आली, हे कळावे कसे?

प्रश्न : टीव्हीला फायर टीव्ही स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारे अ‍ॅमेझॉनचे छोटे यंत्र) लावली आहे. केळीला पाणी देऊन रात्री घरी परतलो की मुलगा रोज एखादे नवेच नाव सांगतो. नवी वाहिनी आली, हे मला कसे कळावे? (एक वाचक, रावेर)

उत्तर : केबलवर नवी वाहिनी आपोआप उमटते, तसे येथे होत नाही, येथे वाहिनी म्हणजे एक स्वतंत्र अ‍ॅप, आणि ते अ‍ॅपस्टोअरमधून आपल्यालाच उतरवून घ्यावे लागते. रिमोटवरील माइकचे बटण दाबून चिरंजीवांनी सांगितलेले नाव उच्चारले, तरी शोध लागतो. पुष्कळदा नाव नवे आणि माल जुनाच असतो : जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांचे मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झाले. प्रसारभारतीचे वेव्हज हे अ‍ॅप मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये खरोखरच नव्याने आले.

बऱ्याच स्टिकमध्ये साठवणुकीची जागा जेमतेम ८ जीबी असते आणि त्यातलीही काही यंत्रणेच्या प्रणालीतच जाते. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन महिनोन्‌महिने न उघडलेली अ‍ॅप आधी काढून टाकावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी, सर्व वाहिन्या फुकट देऊ करणारी एपीके फाइल (अ‍ॅपस्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवण्याची फाइल) मात्र स्टिकमध्ये मुळीच टाकू नये.