क्रँक घासायच्या आधी मोजून घ्या

गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लागतो, मिस्त्रींनी मारुती ८००च्या क्रँकवर (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्यावर) नख फिरवून "दहा थाउ उतरवू" (म्हणजे सुमारे पाव मिमी घासू) म्हटलं, आणि तुम्ही पॉइंट पंचवीसचे शेल (क्रँकभोवतीच्या बेअरिंगचे अर्धे तुकडे) घेऊन मोकळे झालात. दादा, शेलचं पाकीट फोडू नका, म्हणजे बदलून तरी मिळतील.

नखाला चरा कळतो, ओव्हल कळत नाही. त्यासाठी मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटरच लागतो. चार मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये बसते ते गोल भाग), तीन पिना (कनेक्टिंग रॉड बसतात ते). प्रत्येकावर दोन जागी मोजायचं, कडेची गोलाई सोडून, आणि प्रत्येक जागी काटकोनात दोन मापं. काटकोनातला फरक म्हणजे ओव्हल, दोन जागांमधला फरक म्हणजे टेपर. ०.०१ मिमीच्या पुढे गेलं तरच ग्राइंडिंग. पिना नीट बघा. स्फोटाचा दणका दर वेळी एकाच बाजूला बसतो, म्हणून तिथे ओव्हल आधी येतं. जुन्या शेलची पाठही बघा. तिथे आधीच ०.२५ असेल तर पुढची साईज ०.५० आणि तुमची खरेदी वाया.

आता आपल्या सोलापूरची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर. टेम्पोत उन्हात तापलेली क्रँक आणि सावलीतल्या डबीतला मायक्रोमीटर यांच्यात २० अंशांचा फरक सहज पडतो. पोलाद मीटरमागे दर अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ५० मिमीचं जर्नल ०.०११ मिमीने जाड दिसणार. घासून अजून कोमट असलेली क्रँक मोजली तरी हाच घोळ. क्रँक, मायक्रोमीटर आणि शून्य तपासायचा तुकडा रात्रभर एका खोलीत ठेवा, सकाळी मोजा.

क्लिअरन्स, म्हणजे शेल आणि जर्नलमधली तेलाची फट, काढताना शेल घालून, कॅप मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून, बोअर गेजने (आतला व्यास मोजणाऱ्या गेजने) उभं माप घ्या. शेलच्या दोन अर्ध्यांच्या जोडाजवळ घेऊ नका, तिथे शेल मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. त्यातून जर्नलचं माप वजा केलं की झालं. ढोबळ हिशेब असा, की जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग किंवा त्याहून थोडं कमी. ५० मिमीला ०.०४ ते ०.०५. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. गॅरेजवाल्याकडे बोअर गेज नसेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे विचारा. नाहीतर प्लास्टिगेजची तार (दाबून पसरणारी मऊ प्लास्टिकची तार, पसरलेल्या रुंदीवरून फट कळते) चालते, फक्त जर्नल कोरडं पुसा आणि तार आत असताना क्रँक अजिबात फिरवू नका.

क्रँकचा बाक आणि एंड प्ले (क्रँकची पुढे-मागे सरकण्याची ढिलाई) डायल गेजवर दोन मिनिटांत कळतो, तेही उरकून घ्या.

सगळी मापं बसली तर ऑइल पंप आणि त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) उघडा. दिवा त्यांच्यामुळेही लागतो, आणि तसं निघालं तर क्रँक ग्राइंडरवर चढवायची गरजच नाही.