पडक्या वाड्यात दार नसलेली खोली कशासाठी असते?

तुम्ही विचारलंय की आजोळच्या पडक्या वाड्यात एका खोलीला दारच नाही, एक जिना वर जाऊन भिंतीला थांबतो, तर हे भुयार असेल का आणि आत काही पुरलेलं असेल का. नाही. ते बहुधा बळद असावं, म्हणजे भिंतीआड बांधलेली धान्याची कोठी. एवढ्यावर थांबलो असतो, पण याच प्रश्नानं आमचं घर पाडलंय.

आमचा वाडा मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या मुलखातला. बाहेरून मागची बाजू सात खणांची (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). आत माजघर आणि देवघर मिळून सहाच खण भरायचे. आठवीत असताना खांब मोजता मोजता हे माझ्या लक्षात आलं आणि मी आजीला विचारलं. ती मला धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, घेऊन गेली. पांढऱ्या मातीखालची एक फरशी सरकवून म्हणाली, "हितनं वतायची, खाली माजघरात काढायची." खाली जात्यामागं भिंतीत वीतभर भोक होतं, चिंधीचा बोळा कोंबून वर शेणमातीनं लिंपलेलं. रोज पुसताना हात फिरायचा त्यावरून, तरी मला कधी दिसलं नव्हतं. वाड्यावर दरोडा पडला तरी दाणा कुणाच्या हाती लागू नये आणि दुष्काळात दोन वर्षं घर जगावं, यासाठी ती सगळी रचना. दिंडी दरवाजातून शिरल्यावर समोर आडभिंत, एका वेळी एकच माणूस वाकून चढेल असा भिंतीच्या जाडीतला जिना आणि त्याच्या डोक्यावर झाकण, हेही त्यातलंच.

माझ्या चुलत्यांना हे पटलं नाही. "ज्वारीसाठी कुणी अडीच हात जाडीची भिंत घालतं का?" असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कुठून तरी एक पायाळू माणूस आणला (पायाकडून जन्मलेला, अशांना पुरलेलं धन दिसतं असा समज), त्यानं बोट दाखवलं, आणि आजी माझ्याकडे सोलापूरला आली असताना पहारीनं ती भिंत फोडली. निघालं काय? भुसा, काळी पडलेली ज्वारी आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या भगदाडातून आत मुरलं आणि माजघरावरचं धाबं खाली बसलं. आजी परत तिथं राहायला गेलीच नाही. चुलते आजही लग्नकार्यात सांगतात, की ती भिंत तशीही पडणारच होती. पडणार नव्हती. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर माती टाकली असती तर अजून उभी असती.

राहिला तुमचा जिना. आमच्याकडेही तसा होता. वाटणीत खालचा सोपा एका भावाला, माडी दुसऱ्याला गेली. मधे भिंत आली आणि माडीवाल्यांनी बाहेरून नवा जिना काढला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, वाटणी कधी झाली ते. पहार हातात घेण्याआधी खण मोजा, आतून आणि बाहेरून. आणि खरोखर काही सापडलंच, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचं दडलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं, जमिनीत असो की भिंतीत. चुलत्यांना हेही तेव्हा सांगितलं होतं.

एक मात्र आहे: प्रत्येक बंद खोली बळदच असते असं नाही, वाटणीत दार बुजवून टाकलेल्या खोल्याही असतात. वर धाब्यावर तोंड आणि खाली भोक, दोन्ही सापडलं तरच बळद म्हणा. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर आत जाऊ नका, ओली माती आवाज न करता खाली येते. जमिनीखाली पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, असेल तर त्यात उतरूच नका. आतल्या कोंडलेल्या हवेनं माणसं गेलेली आहेत. पूर्वी आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर माघारी फिरायचे. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) ज्यांची ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय एक वीटसुद्धा हलवू नका. माझ्या वडिलांचं नाव त्यावर होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.