घरात व्यसनाचा इतिहास असताना मुलाला काय सांगावे?

‘याचे आजोबा दारूनेच गेले, याचे बाबा कसेबसे त्यातून बाहेर आले, मग हा तरी सुटेल का हो, ताई?’ हा प्रश्न या ना त्या शब्दांत अनेक पालक मला विचारतात. इंदूरच्या रामबाग भागातील एका आईने तो विचारला, तेव्हा तिचा मुलगा आठवीत होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वडिलांची दारू मुलगा लहान असतानाच उपचारांनी सुटली होती आणि ते दर आठवड्याला नेमाने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभेला जात असत. मुलाला मात्र ‘बाबा भजनाला जातात’ असे सांगितले होते. आई रोज त्याचे दप्तर उचकत असे, शर्टाचा वास घेत असे. आता तर कोचिंगहून परतल्यावर तिने काही म्हणायच्या आतच तो दारात उभा राहून तोंड उघडून दाखवू लागला होता. हे सांगताना तिला रडू आवरेना.

व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 40 ते 60 टक्के मानला जातो. मात्र वारशाने येतो तो धोका. व्यसन जडते की नाही, हे घरातले वातावरण, सोबत आणि विशेषतः पहिला घोट कोणत्या वयात घेतला, यावरही अवलंबून असते, कारण मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चौदाव्या वर्षापर्यंत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक पुढे कधी ना कधी तिच्या आहारी गेल्याचे दिसले; विशीत किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांत हेच प्रमाण सुमारे 10 टक्के होते. याला एकटे वय कारणीभूत नसेलही, पण पहिला घोट लांबवणे पालकांच्या हातात बरेच असते. आणखी एक गोष्ट मी अशा घरांत आवर्जून सांगते: व्यसनी पालकांच्या काही मुलांना दारू इतरांपेक्षा कमी चढते, आणि ‘मला काहीच होत नाही’ ही त्यांची फुशारकी प्रत्यक्षात धोक्याची खूण असते.

मुलाशी एकट्याने बोलले तेव्हा तो म्हणाला, “बाबा भजनाला जातात, पण त्यांना एकही भजन येत नाही.” बाबांना काहीतरी मोठा आजार आहे आणि आई आपल्याला तपासते म्हणजे तो आपल्यालाही झाला आहे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. लपवाछपवीने मुलाचे रक्षण होत नाही, हे मला इथे ठामपणे सांगावेसे वाटते.

पुढच्या भेटीत वडिलांनी स्वतःच त्याला सांगितले, “माझी दारू सुटली आहे, पण मला ती पुन्हा कधीच घेता येणार नाही. तुलाही ती लवकर धरू शकते.” “म्हणजे मी आजोबांसारखा होणार?” “आजोबांना हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. मलाही नाही.” मुलाने त्यानंतर बरेच प्रश्न विचारले आणि वडिलांनी एकही टाळला नाही.

खरी अडचण नातेवाइकांची होती. ‘अगदी आजोबांवर गेलाय’ हे वाक्य घरात बंद करायला वडिलांना आत्याशी स्पष्ट बोलावे लागले. रंगपंचमीच्या गेरहून, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीहून, आल्यावर थोरले काका भांगेची थंडाई ‘प्रसाद’ म्हणून पोरांपुढे धरत. भांग परवान्याच्या दुकानात उघड मिळते, म्हणून ती निरुपद्रवी असल्याचा समज आपल्या शहरात फार रुजला आहे. पण तिच्यातला अंमल गांजातल्याच द्रव्याचा असतो. “भाऊजी, याला नको,” हे सर्वांसमोर म्हणायला आईने माझ्याकडे अक्षरशः सराव केला, आणि मुलानेही “मला चालत नाही” एवढेच उत्तर तयार ठेवले.

झडती थांबवताना बदल्यात रात्रीचे जेवण फोन बाजूला ठेवून एकत्र घ्यायचे ठरले. झोप बिघडणे, जुने मित्र अचानक तुटणे, पैसे नाहीसे होणे, कपड्यांना नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या व्हाइटनरचा किंवा सोल्यूशनचा (पंक्चरच्या चिकट द्रवाचा) वास येणे, असे काही एकत्र दिसू लागले तर घरीच तपास करत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. व्यसनाबाबत सल्ल्यासाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे. आईला मी व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-ॲनॉन गटाचीही माहिती दिली, कारण इतक्या वर्षांच्या भीतीविषयी तिला स्वतःसाठी बोलायला जागा हवी होती.