तुझी त्रेचाळीस पुस्तकांची यादी

प्रिय मुली,

तुझी यादी मिळाली. दोनदा वाचली, मग पेन्सिल घेऊन मोजदाद करत बसले. फँटसीची, म्हणजे जादूच्या काल्पनिक जगांतली, पुस्तकं त्रेचाळीस. 'जबरदस्त' नऊ वेळा, 'वेड लागलं' सहा वेळा आणि 'बाकी सगळं सोडा, हे वाचा' चार वेळा, तेही चार वेगवेगळ्या पुस्तकांना. मैत्रिणींना ती यादी देऊन महिना होत आला, सगळ्या 'वा, मस्त' म्हणाल्या आणि एकीनेही एकसुद्धा पुस्तक उघडलं नाही, म्हणून तू रुसली आहेस. हल्ली कुणाला वाचायचंच नसतं, असं लिहून मोकळीही झालीस.

वाचायचं असतं गं. पण त्रेचाळीस दारं एकदम उघडी दिसली की माणूस अंगणातच घुटमळतो आणि शेवटी आल्या वाटेने परत जातो. तुझी यादी ही तुझ्या वाचनाची नोंद झाली. सुचवणं हे काम निराळं, आणि ते एका वेळी एकाच माणसासाठी करायचं असतं.

पुस्तक चांगलं आहे हे सांगण्यात काही हशील नाही. तुला आवडलं नसतं तर तू सुचवलंच नसतंस, एवढं समोरचीला कळतं. तिला हवी असते ती उंबऱ्याची माहिती. आत शिरताना ठेच कुठे लागेल, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला किती पानं जातील, आणि एकदा आत गेल्यावर किती महिने अडकून पडावं लागेल. फँटसीत तर हे सांगायलाच हवं. इतर कादंबऱ्यांत जग ओळखीचं असतं, माणसं तेवढी नवी. इथे नकाशा, देव, राजघराणी, जादूचे कायदे, सगळंच पहिल्या पानापासून शिकावं लागतं, आणि शिकवणारा लेखक मुद्दाम निम्मं झाकून ठेवतो. तुला तो त्रास आता आठवतही नाही, कारण तू केव्हाच त्या घरातली होऊन गेलीस.

तुझंच एक उदाहरण घेते. बाराव्या क्रमांकावर ली बार्डुगोचं 'सिक्स ऑफ क्रोज' आहे, २०१५ चं. त्यापुढे तू लिहिलंयस, 'जबरदस्त! काझ म्हणजे काझ! शेवटाला वेड लागलं.' यातून मैत्रिणीला काय कळलं? काझ नावाचं कुणीतरी आहे आणि तुला वेड लागलंय. आता ती पुस्तक उघडते तेव्हा काय होतं ते बघ. पहिलं प्रकरण एका पहारेकऱ्याच्या नजरेतून आहे. ती त्याला नायक समजून त्याच्यात जीव गुंतवते, आणि दुसऱ्या प्रकरणात तो नाहीच. मग नवं शहर, बंदरावरच्या टोळ्या, ग्रिशा म्हणजे त्या जगातले जादूगार, हे कुणी बसून समजावत नाही, आणि प्रकरणागणिक बोलणारं माणूस बदलतं. पन्नासेक पानांत ती पुस्तक मिटते आणि तुला वाईट वाटू नये म्हणून 'वाचतेय, वाचतेय' म्हणत राहते.

मी तिला अशी चिठ्ठी लिहिली असती: 'सहा जणांची टोळी, बर्फातल्या किल्ल्यातून एका माणसाला पळवून आणायचं. पहिल्या प्रकरणातला पहारेकरी विसरलीस तरी चालेल. सुरुवातीला नावांचा गोंधळ होईल, होऊ दे, बेत ठरला की पुस्तक सुसाट सुटतं. दोनच भाग आहेत आणि दुसराही २०१६ मध्येच आलाय, पण पहिला ऐन मोक्यावर तुटतो, तेव्हा दुसरा हाताशी ठेव. याच जगातली आधीची तीन पुस्तकं वाचलेली नसली तरी अडत नाही. मात्र ती पुढे कधी वाचायची असतील, तर त्यांचा शेवट इथे उघडा पडतो.'

'जबरदस्त' कुठेच नाही. काझबद्दलही अवाक्षर नाही. तो तिचा तिला भेटू दे.

आता माझीच एक चूक सांगते. ती मी बऱ्याच जणांना सांगितलेली नाही. २०१९ मध्ये आमच्या वाचनगटात चौदा वर्षांची एक मुलगी यायची. जादूच्या शाळा, परीक्षा, विक्षिप्त गुरू असलं काही दिलं की खूश. मी तिला आर. एफ. क्वांगचं 'द पॉपी वॉर' दिलं. वर्षभरापूर्वीच आलेलं, लेखिकेची पहिली कादंबरी. अनाथ मुलगी देशभरातली अवघड परीक्षा देऊन नामांकित लष्करी विद्यालयात पोचते, तिथे तिला सगळे हसतात, एक वेडसर गुरू भेटतो. पोरीच्या आवडीचं सगळं त्यात होतं. मी तोवर निम्मं वाचलं होतं आणि तेवढ्यावरच भाळले होते.

आठ दिवसांनी ती पुस्तक घेऊन आली. खूणपट्टी पुस्तकाच्या बरीच पुढे, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात होती. मला म्हणाली, 'मावशी, यापुढे वाचू का?' एवढंच. मी 'थांब' म्हणाले, पुस्तक ठेवून घेतलं आणि त्या रात्री उरलेलं वाचून काढलं. विद्यालय संपतं, युद्ध सुरू होतं, आणि चीनमधल्या १९३७ च्या नानजिंगच्या हत्याकांडावर बेतलेली ती पानं येतात. मला स्वतःला ती एका बैठकीत वाचवली नाहीत. पुस्तकाचा यात काडीचाही दोष नव्हता. ते प्रौढांसाठीच लिहिलेलं आहे आणि त्या पानांचं तिथे कारण आहे. नायिका शाळेत शिकते, म्हणून पुस्तकही शाळकरी, असा सोयीचा हिशेब मी केला होता.

तेव्हापासून स्वतः संपवलं नसेल ते पुस्तक मी सुचवत नाही. सुचवलंच तर 'मी अमुक पानापर्यंत आलेय' असं आधी सांगते. तुझ्या यादीत अशी न संपवलेली किती आहेत? मला विसाव्या क्रमांकानंतर तुझी वाक्यं पातळ होत गेलेली दिसली. शंका आली, म्हणून विचारलं.

यंग अडल्टचा, म्हणजे किशोरवयीनांसाठीचा, शिक्काही तपासून घेत जा. सारा जे. मासचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये यंग अडल्ट म्हणूनच विकलं गेलं, आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून ते प्रौढांच्या कप्प्यात गेलं. आतला मजकूर तोच! रिबेका यारोसचं 'फोर्थ विंग' तर मुळातच मोठ्यांसाठी आहे, पण विद्यालय आणि ड्रॅगन बघून लोक ते बारा-तेरा वर्षांच्या पोरांना बेधडक देतात. तू सतरा वर्षांची आहेस, तुला मी काही बजावणार नाही. पण तुझ्या यादीवर तुझ्या धाकट्या बहिणीचाही डोळा असतो, हे तूच लिहिलंयस.

'फोर्थ विंग' निघालंच आहे तर तो नेहमीचा प्रश्न घेऊ. 'आत्ताच संपवलं, आता तसंच काहीतरी सांग.' 'तसंच' हा शब्द फार फसवा आहे. त्या पुस्तकात ड्रॅगन आहेत, जीवघेणं प्रशिक्षण आहे, आणि ज्याचा राग यायला हवा त्याच्यावर जडणारा जीवही आहे. विचारणारीला यातलं नेमकं काय हवंय ते बहुतेक वेळा तिलाही माहीत नसतं. मी उलट विचारते, 'कुठलं पान मागे जाऊन पुन्हा वाचलंस?' 'काय आवडलं' विचारलं की लोक शहाण्यासारखं उत्तर देतात. पुन्हा वाचलेलं पान विचारलं की खरं बोलतात.

ती विद्यालयातल्या चाचण्यांबद्दल बोलायला लागली, तर तिला नेओमी नोविकचं 'अ डेडली एज्युकेशन' दे. शिक्षकच नसलेली जादूची शाळा, आणि पोरांना खायला टपलेली भुतावळ. तीन भाग, २०२० ते २०२२, कथा पूर्ण. ठेच कुठे, तर नायिका पहिल्या ओळीपासून कुरकुरते आणि शाळेचे नियम पानंच्या पानं समजावत बसते. ज्यांना ती कुरकुर आवडते ते तिन्ही भाग एका दमात संपवतात. ज्यांना नाही आवडत त्यांनी दोन प्रकरणांत सोडून द्यावं, पुढेही ती तशीच बोलते. बोलणं ड्रॅगनवर घसरलं, तर मोनिक्विल ब्लॅकगूसचं 'टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ', २०२३ चं. विज्ञानकथा-फँटसीच्या ह्यूगो पुरस्कारांबरोबर किशोरवाचनासाठी लोडस्टार हा पुरस्कार देतात, तो २०२४ मध्ये याला मिळाला. बेटावरच्या मूळ रहिवाशांतल्या एका मुलीला ड्रॅगनचं अंडं सापडतं आणि तिला सत्ताधाऱ्यांच्या शाळेत जावं लागतं. मात्र आधीच सांग की यात आकाशातली युद्धं फारशी नाहीत. पुस्तक संथ आहे, वर्गातल्या धड्यांत आणि जेवणाच्या टेबलावरच्या अपमानांत रमणारं. हे न सांगता दिलंस तर पुस्तकही वाया आणि मैत्रीणही नाराज. आणि गाडी राग-लोभाच्या प्रेमावर आली, तर होली ब्लॅकचं 'द क्रुएल प्रिन्स'. २०१८-१९ मध्ये तिन्ही भाग येऊन संपलेत. त्यात प्रेम कमी आणि कारस्थानं जास्त, एवढं सांगितलंस की पुरे.

बघितलंस ना, जवळजवळ प्रत्येक वेळी मी 'पूर्ण आहे' हे सांगतेय. हा माझा जुना व्रण आहे. पॅट्रिक रॉथफसचं 'द नेम ऑफ द विंड' २००७ मध्ये आलं, दुसरा भाग २०११ मध्ये. मी तेव्हा उत्साहाने कितीतरी जणांच्या गळ्यात ते बांधलं. तिसऱ्या भागाची वाट बघता बघता त्या वाचकांतल्या कॉलेजातल्या पोरांना पोरं झाली, आणि भेटले की अजून माझ्याकडे रोखून बघतात. अपुरी मालिका सुचवूच नये असं नाही, पुस्तक सुंदर आहे. पण दार एका बाजूने बंद आहे, हे आधी सांगायला हवं होतं. 'फोर्थ विंग'चंही तेच: २०२३ मध्ये दोन भाग, जानेवारी २०२५ मध्ये तिसरा, आणि गोष्ट तिथे संपत नाही.

मालिका कुठल्या क्रमाने वाचायची, तेही थोडक्यात. सी. एस. लुईसच्या नार्नियाच्या सात पुस्तकांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू' हे कथेतल्या काळाप्रमाणे पहिलं, पण छापून आलं सहावं, १९५५ मध्ये. हल्लीच्या संचांवर त्यालाच एक नंबर असतो. मी तरीही १९५० चं कपाटवालं पुस्तक, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', आधी देते. बर्फाळ रानात मधोमध दिव्याचा खांब उभा, आणि तो तिथे कसा आला ते कुणालाच ठाऊक नाही, यात जी मजा आहे ती उत्तर आधी कळलं की गेली. सुझॅन कॉलिन्सचं 'सनराइज ऑन द रीपिंग' मार्च २०२५ मध्ये आलं आणि सगळ्यांच्या हातात दिसायला लागलं. ते 'द हंगर गेम्स' या मूळ कथेच्या चोवीस वर्षं आधीचं. म्हणून नवखीने तिथून सुरुवात करायची का? मुळीच नाही. कुणाचं पुढे काय होणार हे वाचकाला माहीत आहे, यावरच त्यातलं दुःख उभं आहे. २००८ चं 'द हंगर गेम्स' आधी, बाकी सगळं नंतर.

तुझी यादी सगळी गेल्या दहा-बारा वर्षांतली आहे, याबद्दल तक्रार नाही. पण ठोकळ्याएवढी पुस्तकं वाचून दमलेली एखादी मैत्रीण असेल तर तिला उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' दे. १९६८ चं, लहानसं. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते कळलं की तिच्यावर सत्ता चालते, एवढ्या एका कल्पनेवर उभं असलेलं. ठेच: संवाद कमी, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने शांतपणे सांगितल्यासारखी भाषा. त्यातल्या नायकाचा रंग तांबूस-तपकिरी आहे, पण अनेक मुखपृष्ठांवर तो गोरा करून टाकला गेला. लेखिकेने त्याबद्दल वेळोवेळी नापसंती बोलून दाखवली होती. तेव्हा मुखपृष्ठावर फार विसंबू नकोस, आणि नुसतं ते दाखवून कुणाला भुरळही घालू नकोस.

आणि कुणी तुझं पुस्तक अर्ध्यात टाकलं, तर 'थांब, पुढे मजा येते' म्हणून मागे लागू नकोस. कितव्या पानावर टाकलं तेवढं विचारून ठेव. मी एका वहीत ही पानं लिहून ठेवते. तीन जणांनी एकाच जागी पुस्तक सोडलं की समजते, पायरी तिथे उंच आहे. पुढच्या चिठ्ठीत ती जागा येते.

आता काम. तुझ्या यादीतलं सत्ताविसावं पुस्तक मी वाचलेलं नाही. ते मला सुचव. माझ्याबद्दल एवढं लक्षात ठेव: रात्री झोपण्यापूर्वी वीसच पानं होतात, नकाशे आवडतात, भविष्यवाणीने निवडलेल्या पोराचा कंटाळा आलाय, आणि कुत्रा मरणार असेल तर मला आधी कळायला हवं. सहा-सात ओळी पुरेत. 'जबरदस्त' दिसलं तर चिठ्ठी परत पाठवीन.

तुझी,
मावशी